अंगणातलं मकाव

मल्लिकार्जुन घरी येऊन तीन दिवस झाले होते आणि या तीन दिवसांत त्यानं बापाच्या घरचा एक घास खाल्ला नव्हता. त्याच्या बापाशिवाय, म्हणजे गुरुलिंग गुरुजींशिवाय, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सकाळी पाट मांडला की तो पोट ठीक नाही म्हणायचा, दुपारी एस.टी. स्टँडकडं मुंबईच्या गाडीची चौकशी करायला जायचा, आणि संध्याकाळी बाजारात जुने दोस्त भेटले होते असं सांगायचा. स्टँडसमोरच्या हॉटेलात एकटाच भजी खात बसलेला त्याला गुरुजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दहा वर्षांनी परतलेला मुलगा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावरून जो गोव्याला गेला, तिथल्या बंदरातून बोटीवर चढला आणि थेट चीनच्या किनाऱ्याला लागला, तो.

गुरुजी त्याला काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी मराठी शाळेत पोरं शिकवली होती. पोर खोटं बोलत असेल तर विचारावं, पण काही लपवत असेल तर त्याच्याजवळ नुसतं बसून राहावं, एवढं त्यांना ठाऊक झालं होतं.

त्यापेक्षा मोठी काळजी दुसरीच होती. मल्लिकार्जुन एकटा आला नव्हता. त्याच्याबरोबर सात वर्षांची मुलगी होती. तिची आई दोन हिवाळ्यांपूर्वी छातीच्या आजारानं गेली, आईची आई या साली गेली, आणि बाप बोटीवर. आठ-आठ महिने समुद्रात असणाऱ्या माणसानं मुलगी ठेवायची कुठं? म्हणून तो तिला घेऊन निलंग्याला आला होता. मंगळवारी त्याला मुंबईकडं निघायचं होतं. मुलगी या घरात राहणार, की गोव्यातल्या मिशनच्या वसतिगृहात जाणार, हे रविवारी दुपारी सगळ्यांनी बसून ठरवायचं होतं. सगळ्यांनी म्हणजे अण्णांनी. गुरुजींचे थोरले भाऊ ईश्वरप्पा बहात्तर वर्षांचे होते, घरात चूल एकच होती, आणि त्या चुलीवर काय शिजायचं इथपासून सगळं अण्णाच ठरवत.

मुलीला तीन नावं होती. चर्चमधलं एक, चिनी आजीनं हाक मारायचं आमुई हे एक, आणि बापानं ठेवलेलं गौरा. गौरम्मा हे गुरुजींच्या बायकोचं नाव. ती बिचारी नातीचं तोंड न बघताच तीन वर्षांपूर्वी गेली. पोरीचे डोळे बारीक, चिनी आजीचे. केस किंचित कुरळे, ते म्हणे तिकडच्या पोर्तुगीज आजोबांचे. पण तोंड उघडलं की बाहेर पडायची ती अस्सल निलंग्याची बोली. मराठी ती एकट्या बापाकडून शिकलेली, त्यामुळं ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असं पोरासारखं बोलायची आणि घरातली लेकरं हसून लोळायची. ती रागवायची नाही. ती विचारायची, “काऊन हसून राहिलाव?” की पुन्हा सगळी लोळायची.

रविवारी दुपारी ओसरीवर सतरंजी टाकली. अण्णा मध्ये, भिंतीला टेकून. त्यांच्या बाजूला त्यांची बायको गंगम्मा, म्हणजे घरातली मोठी अव्वा, हातात सुपारीचा अडकित्ता घेऊन. खांबाजवळ शिवकांता, अण्णांची थोरली सून. तिची महानंदा लग्नाची होती, आणि दसऱ्यानंतर उदगीरची मंडळी तिला बघायला येणार होती. मल्लिकार्जुन सतरंजीच्या कडेला, परक्यासारखा. लेकरं अंगणात चिंचोक्यांनी खेळत होती आणि गौरा त्यांत होती.

सुरुवात पावसानं झाली. हस्त कोरडा चालला होता, आडाला तळ दिसत होता, टँकर एका दिवसाआड यायचा. मग नव्या जिल्ह्यावर बोलणं झालं. पंधरा ऑगस्टपासून निलंगा उस्मानाबादेतून निघून लातूर जिल्ह्यात आला होता, आणि अण्णांना त्यांच्या दुकानाचे सगळे कागद आता कुठल्या कचेरीत शोधायचे ते कळत नव्हतं. तेवढं बोलून झाल्यावर शिवकांतेनं पदर सारखा केला.

“मला पोरीचं वाईट वाटतंय,” ती म्हणाली. “पण उदगीरवाले कडक हायत. घरात आल्या आल्या विचारतील, ही कुणाची? आई कोण? काय सांगावं? मिशनची शाळा काय वाईट न्हाई. शिकंल, मोठी होईल.”

गंगम्माही तिच्याच बाजूची होती. तिचं म्हणणं असं की, पोर काय खाऊन वाढलीय ते विचारायलासुद्धा जीव धजत नाही. काल तिनं लेकरांना सांगितलं म्हणे की, तिकडं दोऱ्यावर मासे वाळत घालतात, आपण सांडगे घालतो तसे. हे सांगताना गंगम्मानं अडकित्ता खाली ठेवला.

अण्णा पुतण्याकडं न बघता म्हणाले, “गुरलिंग, तू शिकलेला हायस. हे मकाव म्हणजे हाय तरी काय? चीन म्हणावं तर पोर चर्चात जाती म्हणतंय. फिरंग्यांचं म्हणावं तर डोळे चिनी. ह्याला काय बूड-शेंडा?”

गुरुजींनी धोतराचा सोगा सावरला. वर्गात एखाद्यानं नेमका प्रश्न विचारला की त्यांना जसं व्हायचं तसं आत्ता झालं, म्हणजे थोडं बरं वाटलं.

“अण्णा, आपण शाळंत कुठल्या भाषेत शिकलो?”

“उर्दूत. निजामाचं राज्य होतं.”

“घरात आपली अव्वा काय बोलायची?”

“कानडी. तुला म्हाईत न्हाई का?”

“आणि बाजारात?”

“मराठी. पुढं बोल.”

“तेच सांगून राहिलो. हुकूम एका भाषेत, घर दुसऱ्या भाषेत, बाजार तिसऱ्या भाषेत. तरी आपण आपणच होतो. आता परवा जिल्हा बदलला, तर आपलं घर हललं का? मकावचं असंच हाय. जमीन चीनची, माणसं बहुतेक चिनी, कारभार चारशे वर्षं पोर्तुगीजांचा. त्यांची आपसांत लग्नं झाली, त्यातनं तिसरीच घराणी निघाली, त्यांची बोली निराळी, रांधायची रीत निराळी. सून त्या घराण्यातली. पण मी पुस्तकातलं सांगतोय. जी तिथं जन्मली तिला विचारा की.”

अण्णांनी अंगणाकडं नजर टाकली. गुरुजींनी ते होकार म्हणून घेतलं आणि अंगणाकडं तोंड करून हाक मारली. “गौरा, इकडं ये बाई. मोठ्या अप्पांना तुझं गाव दाखवायचं हाय. सगळ्यांनीच या रे.”

त्यांनी महानंदेकडून रांगोळीचा डबा मागवला, स्वयंपाकघरातून दोन वाट्या, लाटणं आणि मूठभर जोंधळे. लेकरं गोल करून बसली. गुरुजींची पद्धत ठरलेली होती. आधी मोठं, मग लहान. त्यांनी ओसरीची पायरी दाखवून विचारलं, “ही पायरी म्हणजे चीन. एवढा मोठा देश. आता तुझं गाव कुठं?”

गौरानं डबा घेतला. पायरीला लागून तिनं रांगोळीची एक बारीक मान काढली आणि मानेच्या खाली एखाद्या पानासारखा आकार. “हे गाव. लई लहान हाय. मी चालत इकडनं तिकडं जातो, दुपारच्या आत.”

“जाते म्हण,” महानंदा हसून म्हणाली.

“जाते. हितं कमान हाय,” तिनं मानेवर बोट ठेवलं. “कमानीच्या पल्याड चीन. शिपाई उभे. रोज सकाळी भाजीवाल्या पल्याडनं येतात. खांद्यावर काठी, दोन्हीकडं टोपल्या.”

“आणि बाकी?” गुरुजींनी विचारलं.

“बाकी सगळा दर्या. गढूळ.” तिनं दोन्ही वाट्या पालथ्या घातल्या, एकीच्या खाली एक. “ही दोन बेटं. पहिल्यात फटाक्यांचे कारखाने. दुसऱ्यात होड्या बांधतात. हे लाटणं म्हणजे गावातनं पहिल्या बेटावर जायचा पूल. मी जन्मलो तवा नवीनच झाला होता.” दोन वाट्यांच्या मध्ये तिनं रांगोळीची रेघ ओढली; तिथं दर्यात भर टाकून रस्ता केलाय असं सांगितलं.

पानाच्या टोकाला तिनं एक जोंधळा ठेवला. तिथं दर्याच्या देवीचं देऊळ होतं, गावातलं सगळ्यात जुनं. वरून उदबत्त्या टांगतात, गोल गोल, सापाच्या वेटोळ्यासारख्या, आठवडाभर जळतात. या देवीच्या नावावरूनच गावाला नाव पडलं असं आजी सांगायची. मग पानाच्या मध्यावर दुसरा जोंधळा. तिथं टेकडीवर पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या वर चर्चची नुसती एक भिंत. बाकी चर्च फार पूर्वी जळालं होतं. भिंतीतल्या खिडक्यांमधून आभाळ दिसायचं.

“नुसती भिंत कशाला ठेवली म्हणं?” शिवकांतेच्या तोंडून निघून गेलं. आपण बोललो हे तिच्या नंतर लक्षात आलं.

“पडंना ती,” गौरा म्हणाली. “मग ठेवली.”

अण्णांच्या मिशीत काहीतरी हललं, पण ते लगेच गंभीर झाले. गंगम्मा मात्र ओसरीच्या कडेपर्यंत सरकली होती. तिला प्रश्न पडला होता तो पाण्याचा. एवढा दर्या, तर पाण्याची चैन असणार.

“न्हाई मोठी अव्वा. दर्याचं पीत न्हाईत. आड न्हाई, नदी न्हाई. प्यायचं पाणी चीनमधनं नळानं येतं. आणि हिवाळ्यात पाऊस नसला की दर्या नदीत शिरतो, मग नळाला खारट येतं. चहा खारट. भात खारट. आई मडक्यात आधीच भरून ठेवायची. मी मडक्यापाशी बसायचो, कुणी सांडू नये म्हणून.”

“अगं बाई,” गंगम्मा म्हणाली. “म्हणजे तुझ्या आईचाबी जन्म पाण्यापायीच गेला का?” मग तिनं मडकं केवढं, झाकण कशाचं, किती दिवस पुरायचं, असं एकेक विचारून घेतलं. बाईनं पाण्याच्या टंचाईत घर कसं चालवलं याचा अंदाज आला तसा तिचा आवाज खाली आला. अडकित्ता सतरंजीवर तसाच पडून होता.

गुरुजी समाधानानं बघत होते. अजून एक टेकडी राहिली होती, तिच्यावरचा दीपस्तंभ पोरीनं सकाळी त्यांना सांगितला होता. त्यांनी तिला त्याची आठवण केली. तिनं तो जोंधळा ठेवला. मग हातात उरलेल्यांतला एक निवडला आणि टेकडीच्या उताराला, जरा बाजूला, हलकेच ठेवला.

“हितं काय हाय?” गुरुजींनी विचारलं.

“हितं आई हाय. झाडं हायत. आईच्या हातात बाबाचा देव हाय, म्हणून ती भीत न्हाई.”

गुरुजींना आधी कळलं नाही. त्यांनी मुलाकडं पाहिलं. मल्लिकार्जुनचा हात शर्टाच्या गळ्याशी गेला होता, तिथं चांदीच्या करंड्याची साखळी होती. त्या घरात प्रत्येकाच्या गळ्यात तो करंडा होता आणि प्रत्येकाच्या करंड्यात त्याचं इष्टलिंग. जन्मल्यावर स्वामी ते बांधतात, माणूस रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पुजतो, पूजेशिवाय जेवत नाही. मेल्यावर माणसाला बसवून पुरतात आणि ते त्याच्या हातात देऊन त्याच्याबरोबर मातीत जातं.

त्याचं न जेवणं गुरुजींच्या आत एकदम उलगडलं.

“करंडा उघड,” अण्णा म्हणाले.

मल्लिकार्जुननं साखळी काढली आणि झाकण उघडून करंडा सतरंजीवर ठेवला. आत काही नव्हतं. शिवकांतेनं दोन्ही हात छातीशी नेले. जुनी माणसं म्हणायची, लिंग हरवलं तर वीरशैवानं जीव ठेवू नये. आणि यानं हरवलं नव्हतं, काढून दिलं होतं.

“ती गेली तवा पाद्री आला,” मल्लिकार्जुन म्हणाला. तो बापाशी बोलत नव्हता, चुलत्याशी बोलत होता, आणि हळू. “तिच्या आईनं चिनी कागद जाळले. दोन्हीकडचे विधी झाले. मग मला म्हणाले, तुझ्याकडचं काय करायचं असंल तर कर. मला काय येत होतं मोठे अप्पा? मंत्र आठवंना. एवढंच म्हाईत होतं की आपल्यात माणसाला रिकाम्या हातानं मातीत ठेवत न्हाईत. तिला तर कुणी लिंग बांधलंच न्हवतं. माझ्याकडं एकच होतं.”

त्यानं करंड्याचं झाकण बोटांत फिरवलं.

“दुसरं कुणाकडं मागणार? स्वामी हितं. आणि लिंग न्हाई तर हितल्या पंगतीला बसायचं कसं? तुम्हाला फसवून जेवायचं न्हवतं. बाहेर खाल्लं.”

गुरुजींना वाटलं, आता आपण बोलावं. एखादा दाखला द्यावा, समजावून सांगावं. आयुष्यभर तेच केलं होतं. पण भावाच्या चेहऱ्याकडं पाहून त्यांनी तोंड मिटलं. अण्णा रागावलेले नव्हते. ते हिशेबात अडकल्यासारखे पुढं झुकले होते.

“कुठल्या हातात ठेवलं?” अण्णांनी विचारलं.

“डाव्या.”

“उघड्यावर ठेवलं का मूठ मिटली?”

“मूठ मिटली. वरनं तिची ओढणी बांधली. गळून पडू नये म्हणून.”

“बसवली का?”

“न्हाई. तिथं बसवू देत न्हाईत. आडवी.”

 अण्णांचा अंगठा डाव्या तळहातावर फिरत होता. मग ते म्हणाले, “बहात्तरला आपल्या भावकीतल्या शिवप्पाच्या धाकट्या लेकीला खडीच्या कामावरच गाडावं लागलं. खडकाळ जमीन. खड्डा खोल जाईना. आडवीच ठेवली होती. तिला कुणी परकी म्हणत न्हाई.” ते थांबले. “ह्या घरचं लिंग घेऊन जी मातीत गेली, ती ह्या घरची सून. त्यात आता मला-तुला काय ठरवायचं राहिलं न्हाई.”

गंगम्मा डोळे पुसत होती आणि बडबडतही होती. गौरम्मा गेली त्या दिवशी दरसाल स्वामींना जेवायला बोलावतो, त्या दिवशी आता हिचंही नाव घ्यायला पाहिजे. दोन वर्षं गेली, आपण घरात सणवार केले, गोडधोड खाल्लं, आणि आपल्या सुनेचं नाव कुणी काढलं नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं की, उद्या सकाळीच मठात माणूस पाठवा. अण्णा म्हणाले, पाठवायचा कशाला, मी जाईन; बापाला नवं लिंग आणि लेकीला पहिलं, दोन्ही एकाच बैठकीत होऊ द्या.

“आणि उदगीर?” शिवकांतेनं विचारलं. तिचा आवाज कडक नव्हता, पण प्रश्न तिनं सोडला नाही, आणि गुरुजींना त्याबद्दल तिचा मानच वाटला. आई होती ती.

“उदगीरला मी बुधवारी जातो,” अण्णा म्हणाले. “त्यांनी दुसऱ्याकडनं ऐकायच्या आधी आपणच सांगू. जे झालं ते सगळं. ऐकून उठले तर उठू देत. ज्यांना हे पटंना, त्यांच्यात महानंदीला काय सुख लागणार हाय?”

शिवकांता खांबाजवळून उठली. मग ती अंगणात उतरली. रांगोळीचं मकाव पायानं मोडू नये म्हणून लांबून वळसा घेतला, आणि गौराच्या मागं बसून तिचे केस सोडून नव्यानं वेणी घालायला लागली. केस कुरळे असल्यानं विंचरताना अडकत होते. “तेल लावत न्हाईत का गं तिकडं?” ती कुरकुरली. “ह्याला रोज अर्धा तास जाणार माझा.”

मल्लिकार्जुन तसाच बसला होता, रिकामा करंडा मांडीवर घेऊन. गुरुजी त्याच्या शेजारी सरकले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढा मोठा झालेला पोरगा, पाठीची हाडं अजून तशीच. परवा तो जाणार होता. पुन्हा कधी येईल हे ना त्याला ठाऊक होतं, ना यांना.

अण्णांनी काठी घेतली आणि उठून ओसरीच्या कडेला आले. पायरीवर, म्हणजे चीनवर, पाय सोडून बसले. समोर वेणी घालून घेत असलेली पोर मान वर करून त्यांच्याकडं बघायला लागली. गेल्या तीन दिवसांत त्यांनी तिला एकदाही जवळ बोलावलं नव्हतं.

“उद्या स्वामी विचारतील,” अण्णा म्हणाले. “कुणाची लेक म्हणून. बापाचं नाव मला म्हाईत हाय. आईचं नाव सांग.”

“आना मारिया दा लुझ.”

“आना मर्या.”

“मर्या न्हाई. मारिया.”

“मारिया. आना मारिया डालूज.”

“दा, लुझ,” गौरा म्हणाली आणि लुझ म्हणताना ओठ पुढं काढून दाखवले. लेकरं हसायला लागली. गंगम्मानं डोळे वटारून त्यांना गप्प केलं. अण्णा हसले नाहीत. बहात्तर वर्षांचा तो माणूस डोळे मिटून, पाढा म्हणावा तसं पुटपुटला, चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पोरगी वेणी ओढली जात असतानाही मान न हलवता त्यांच्या ओठांकडं बघत राहिली. मध्ये तिनं एकदा बोट वर करून त्यांना थांबवलं, एकदा नुसतीच मान हलवली. घाई केली नाही.

“आना मारिया दा लुझ,” अण्णा म्हणाले.

“हाव,” ती म्हणाली. “आता आलं. अजून एक डाव म्हणा.”

त्यांनी म्हटलं.